घाट उतरताना

पायी वारीत चढाचे कौतुक होते, उताराचे होत नाही. दिवे घाटात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा रथ चढू लागला की जादा बैलजोड्या जुंपल्या जातात, आजूबाजूच्या टेकाडांवर बघ्यांची दाटी होते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात घाटातल्या त्या नागमोडी ओळीचा फोटो ठरलेला असतो. आषाढ वद्यात परतीची पालखी तोच घाट उतरते. कार्तिकात पंढरपूरहून आळंदीला निघालेल्या दिंड्याही तिथूनच खाली येतात. तेव्हा टेकाडे मोकळी असतात. वारीतले बरेचसे कसब मात्र या दुर्लक्षित उतरणीवरच पणाला लागते.

अहिल्यानगर जिल्ह्यात उतार कुणाच्या वाट्याला आणि कोणत्या महिन्यात येणार, हे जिल्ह्याच्या ठेवणीने ठरवून टाकले आहे. जिल्हा गोदावरी आणि भीमा या दोन खोऱ्यांवर पाय टाकून बसलेला आहे. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, शेवगाव हे तालुके गोदावरीच्या बाजूचे. श्रीगोंदे आणि कर्जत भीमेच्या बाजूचे. मधून बालाघाटाचे फाटे गेले आहेत, त्यांतल्याच एका रांगेला नाथपंथी परंपरा गर्भगिरी म्हणते. त्यामुळे उत्तरेकडून पंढरपूरला जाणाऱ्याला इथे चढावे लागते. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी पारेगाव, गोगलगाव, राजुरी, बेलापूर, राहुरी असे मुक्काम करीत येते आणि राहुरीचा सपाट बागायती मुलूख मागे टाकून वांबोरीच्या अंगाने डोंगरगणला वर चढते. पंढरीच्या वारकऱ्याला जो चढ, तोच पैठणच्या वारकऱ्याला उतार. फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, पैठण गाठायचे तर नगरकडच्या दिंडीला गोदावरीच्या पात्राकडे खाली यावे लागते. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे आणि पैठणच्या नाथसागराची पूर्ण पातळी ४६४ मीटरच्या आसपास. या फरकातला मोठा वाटा करंजीच्या घाटासारख्या एखाद्याच ठिकाणी एकदम अंगावर येतो.

करंजी घाट हा कल्याणहून येणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरचा, नगर आणि पाथर्डीच्या मधला. सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, ती डोंगरावर दिसत राहते, मग मेहेकरी येते आणि पुढे रस्ता वळणे घेत करंजी गावात उतरतो. नवरात्रात मोहटादेवीला पायी जाणारे, होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या यात्रेसाठी मढीला कानिफनाथांकडे निघालेले, सगळे इथूनच उतरतात. ऊन टाळायला रात्री चालणारेही पुष्कळ.

आषाढातल्या उताराची गोष्ट निराळी. जाताना चढलेला घाट परतताना उतार होतो, पण तोवर वारी आटोपलेली असते. बहुतेक वारकरी एकादशीनंतर एसटीने, रेल्वेने, मिळेल त्या टेंपोने घर गाठतात, कारण पेरण्या खोळंबलेल्या असतात. पालखीसोबत पायी परतणारे मोजके. म्हणजे चढाच्या वेळी माणसे भरपूर, पाय ताजे आणि रस्ता अजून बराचसा कोरडा. उताराच्या वेळी माणसे थोडी, पाय तीन-चार आठवडे झिजलेले आणि वर पाऊस. रथाला मागून धरायला जितके हात हवेत तितके हात नेमके तेव्हाच हजर नसतात. वारीची आखणी कुणी कागदावर केली असती, तर हा दोष त्याने आधी काढला असता.

उतार कसा उतरायचा हे बरेचसे खालच्या दगडावर अवलंबून असते. इथला सह्याद्री आणि त्याचे फाटे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचे बनलेले आहेत. या खडकाला भूशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात आणि त्यातला ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. नाव चपखल आहे. घट्ट थराचा कडा होतो, जाळीदार थर झिजून त्याचा उतार होतो, मग पुन्हा कडा. त्यामुळे दख्खनचा घाट एकसारखा उतरत नाही, टप्प्याटप्प्याने खाली येतो. थोडी अवघड पायरी, मग जरा सपाट पदर, मग पुन्हा पायरी. पदरावर आल्यावर घाट संपला असे वाटून चाल सैल पडते आणि पुढच्या पायरीवर माणूस घसरतो. थरांच्या मध्ये कधी कधी भाजलेल्या विटेसारखा तांबडा मातकट पट्टा असतो. कोरडा असताना तो निरुपद्रवी, ओला झाला की साबणाच्या वडीसारखा.

फाल्गुनातला शत्रू पाणी नसून मुरूम आहे. झिजलेल्या खडकाचे सुटे गोल खडे घट्ट जमिनीवर पसरलेले असतात, खळ्यातल्या सारवलेल्या जमिनीवर ज्वारीचे दाणे सांडावेत तसे. पाय त्या खड्यांवर पडतो आणि खडे पायाला घेऊन निघतात. डोंगरात फिरणारे याला घसारा म्हणतात. घसाऱ्यावर टाच रोवून, अंग मागे टाकून चालायची इच्छा होते. ती इच्छा साहजिक असली तरी चुकीची आहे. अंग मागे गेले की भार टाचेच्या एका बोटभर कडेवर येतो, तेवढ्या जागेखालचे खडे निसटतात आणि माणूस पाठीवर आपटतो. गुडघे किंचित वाकवून, भार थेट पायावर ठेवून, सबंध तळवा एकदम टेकवत, पावलापुढे अर्धेच पाऊल टाकत उतरणे हा त्यावरचा इलाज. उतार फारच अंगावर आला तर आडवे व्हायचे, एका बाजूने तिरके जायचे, मग वळून दुसऱ्या बाजूने. घाटरस्त्याची वळणे हेच करतात, फक्त मोठ्या मापात. नुसता खडक आला तर तोंड खडकाकडे करून शिडी उतरावी तसे उतरायचे. काठी असेल तर ती मागे ओढत आणायची नसते. आधी खाली टेकवायची, तिच्यावर भार पेलतो का पाहायचे आणि मगच पाय.

घाटात पायी माणसापुढे बहुधा दोन वाटा असतात. एक डांबरी रस्ता आणि दुसरी त्याची वळणे कापत सरळ खाली जाणारी जुनी पायवाट. डोंगरातल्या रस्त्याचा उतार साधारण वीसास एक धरतात, म्हणजे शंभर मीटर खाली यायला दोन किलोमीटर रस्ता लागतो. चारास एक उताराची पायवाट तेच काम चारशे मीटरच्या आसपास करते. दमलेल्या माणसाला हा हिशेब फार गोड वाटतो. पायवाटेवर गुडघे जातात, रस्त्यावर मालमोटारींचे भय. एकट्यादुकट्या तरण्या माणसाने दिवसाउजेडी पायवाट धरली तर धरली. शंभर-दोनशे माणसांच्या दिंडीला ती परवडत नाही. एकाच्या पायाने सुटलेला दगड खालच्या वळणावरच्या माणसाच्या डोक्याला लागतो. म्हणून अशा वाटेवर एकाखाली एक उभे राहायचे नसते आणि दगड सुटला तर लाज न बाळगता ‘दगड!’ असे ओरडायचे असते.

उतरणे सोपे वाटते कारण दम लागत नाही. हा समज पूर्ण खोटाही नाही. साधारण दहा टक्क्यांच्या उतारावर चालायला सपाटीपेक्षा कमी शक्ती लागते, हे मोजून पाहिलेले आहे. त्याहून उतार वाढला की मात्र खर्च पुन्हा चढू लागतो, कारण तिथून पुढे शरीर चालत नसते, स्वतःला रोखत असते. हे रोखण्याचे काम मांडीच्या पुढच्या स्नायूंकडे येते. चढताना ते आखडत काम करतात. उतरताना ते ताणले जात असतात आणि ताणले जात असतानाच आवळून धरावे लागतात. दावणीला ओढ घेणाऱ्या गुराला हातातल्या दोराने सावकाश सोडावे, तसे. या कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती लगेच जाणवत नाही, एक ते तीन दिवसांत ठणका लावते. ज्याचे पाय उताराला सरावलेले आहेत त्याला ती कमी होते. अकोले तालुक्याच्या डोंगरातला माणूस, ज्याचे रोजचे पाणीसुद्धा चढ-उताराचे, तो घाट उतरून हसत बसतो. श्रीरामपूरच्या पाटपाण्याच्या सपाटीवर आयुष्य काढलेला बलदंड शेतकरी मात्र खाली आल्यावर मांडी धरून उभा असतो. ताकदीचा इथे फारसा संबंध नाही.

पायांचेही तेच. चढताना टाचेला फोड येतात, उतरताना बोटांना. पाऊल चपलेत पुढे सरकते, अंगठ्याचे नख दर पावलाला पुढच्या कडेवर आदळते आणि मुक्कामापर्यंत काळेनिळे होते. पट्ट्यांची सँडल घट्ट आवळून आणि नखे आधीच कापून घेतली तर यातले बरेच टळते. झिजून गुळगुळीत झालेली रबरी चप्पल ओल्या खडकावर सर्वांत वाईट. अनवाणी चालण्याचा नवस असलेल्यांची गंमत अशी की ओल्या कातळावर त्यांचीच पकड इतरांपेक्षा बरी असते. १४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावरून उतरताना हे हमखास दिसते. मुरूम लागला की मात्र सव्याज फेड.

एकट्या माणसाचा उतार इथवर. दिंडीचा उतार वेगळा, कारण दिंडीत माणसांबरोबर वस्तू चालत असतात आणि त्या वस्तू उतारासाठी केलेल्या नाहीत. पुढे पताका. घाटाच्या तोंडाशी वारा कापडात भरतो आणि पताकाधारी वळणाच्या बाहेरच्या अंगाला ओढला जातो. मृदंग पोटावर बांधलेला, त्यामुळे मृदंग्याला स्वतःची पावले दिसत नाहीत. विणेकऱ्याचेही तसेच, वीणा छातीशी तिरकी धरलेली आणि तिच्या भोपळ्यामागे त्याचा एक पाय कायम दडलेला. वीणा जमिनीवर ठेवायची नाही हा दंडक. घसरला तरी हात जमिनीकडे नेण्याआधी वीणा सावरायची हे त्याच्या अंगात इतके मुरलेले असते की पडताना तो कोपरावर पडतो. म्हणून उतारावर शहाणी दिंडी त्याच्या एका बाजूला एक टाळकरी ठेवते. तो टाळ वाजवत राहतो, पण नजर खाली ठेवून विणेकऱ्याच्या वतीने वाट पाहतो. फार निसरडे असेल तर वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि अवघड पायरी उतरलेल्या माणसाच्या हाती आधी पोचते.

तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाईची अडचण याहून नाजूक. मान खाली घातली तर वृंदावन पुढे झुकते, न घातली तर पायाखालचे दिसत नाही. सपाटीवर ती दोन्ही हात सोडून चालते. उतार लागला की एक हात वृंदावनाकडे जातो आणि दुसरा हवेत चाचपडतो. मागची बाई न सांगता पुढे होऊन तो हात कोपराजवळ धरते, आणि मग दोघी एका चालीने उतरतात. ‘माउली, दगड हाय’, ‘माउली, डावीकडं’ एवढेच बोलणे. पदरावर आल्यावर हात सुटतो. पुढची पायरी आली की पुन्हा धरला जातो. त्यासाठी कुणी कुणाला हाक मारलेली नसते.

मग लय. मृदंगाच्या ठेक्यावर पाय पडत असतात हे दिंडीचे मोठेच बळ आहे, पण उतारावर ते उलटू शकते. ठेका चढला की पाय धावतात आणि शंभर माणसांची ओळ धावायला लागली की ती पुढून थांबवता येत नाही, मागचे अंगावर येतात. म्हणून जाणता मृदंगी घाटाच्या माथ्यावरच चाल उतरवतो, संथ चालीचा अभंग घेतला जातो. काही ठिकाणी अवघड टप्प्यात भजन सरळ थांबवतात. भाविकांना ते रुचत नाही. तरी ते बरोबर आहे. टाळांच्या नादात मागून आलेला हॉर्न ऐकू येत नाही.

रथ उतरवणे हा सर्वांत जोखमीचा भाग. बैलाची रचना पुढे ओढण्यासाठी आहे. वशिंडापुढे जू टेकवून तो अख्खा डोंगर ओढील, पण मागून येणारा भार अडवायला त्याच्याजवळ काही नाही. उतारावर रथ बैलांना ढकलू लागतो, जू शिंगांकडे सरकते, गळ्यातल्या जुपण्या ताणतात. बैल बिथरून पळाला तर त्याच्या पळण्याने रथ थांबत नाही, उलट वेग घेतो. चढाला कामी आलेल्या जादा बैलजोड्या इथे काही कामाच्या नाहीत, पुढे जितके बैल जास्त तितका गोंधळ जास्त. इथे माणसे लागतात आणि ती मागे लागतात. रथाच्या मागच्या बाजूला दोरखंड बांधून दोन्ही अंगांनी लोक ओढून धरतात, टाचा रोवून, पाठ चढाकडे झुकवून. चाकाशी दोघे दगड किंवा लाकडाचा ठोकळा घेऊन चालतात आणि हुकूम होताच तो चाकाखाली सारतात. खानदेशातल्या रथोत्सवांत या ठोकळ्याला मोगरी म्हणतात आणि मोगरी लावणे हे तिथे मानाचे, घराण्यात चालत आलेले काम आहे. जळगावचा रामाचा रथ १८७२ पासून याच मोगरीच्या भरवशावर गल्लीबोळांतून वळतो आणि थांबतो. अलीकडे काही पालखीरथांना ब्रेक बसवलेले असतात. त्यामुळे दोरखंड धरायला माणसे कमी लागतात आणि ब्रेक कुचकामी झाला तर दोरखंड धरायची सवय असलेली माणसेही कमी असतात.

सातारा जिल्ह्यातल्या शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटातून कावडी चढवतात, तिथे दोरखंडाऐवजी माणसांचीच साखळी असते. सासवडच्या तेल्याभुत्याची कावड जवळजवळ उभ्या कातळावरून हातोहात वर जाते. बघायला लाखोंची गर्दी. भार कसा पेलायचा आणि एकमेकांचा आधार कसा व्हायचा, हे उताराला लागणारे सगळे शिक्षण त्या चढात आहे.

आता वाहने. आषाढी पालखीसाठी मोठ्या घाटांतली वाहतूक वळवली जाते. कार्तिकीच्या, नाथषष्ठीच्या किंवा नवरात्राच्या पायी माणसांना तसे संरक्षण क्वचितच मिळते, ते चालू महामार्गावरून उतरतात. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी सकाळी आळंदीला निघालेली संत नामदेव महाराजांची दिंडी दिवे घाट उतरत असताना ब्रेक निकामी झालेला जेसीबी तिच्यात घुसला. नामदेवांच्या वंशपरंपरेतल्या एका महाराजांसह दोघे दगावले, अनेक जखमी झाले. डिसेंबर २०२३ मध्ये शिर्डीकडून आळंदीला चाललेल्या दिंडीत संगमनेर तालुक्याच्या पठारभागात, पुणे–नाशिक महामार्गावर कंटेनर शिरून चार वारकरी मरण पावले.

घाट चढणारी मालमोटार कण्हत येते, मैलभर आधी कळते. घाट उतरणारी जवळजवळ आवाज न करता येते, आणि डिझेल वाचवायला चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकलेली असेल तर फक्त टायरांचा सरसर आवाज. इंजिनाने रोखायचे सोडून सगळा भार ब्रेकवर टाकला की ब्रेक तापतो आणि तापला की त्याची पकड सुटते. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा घाटातला जुना नियम यासाठीच. तो चालकाने पाळला की नाही हे चालणाऱ्याला कळत नाही. त्याच्या हातात असते ते एवढेच: पाठीकडून गाडी येणार नाही अशा, म्हणजे उजव्या बाजूने समोरची वाहने पाहत चालणे, आंधळ्या वळणाला ओळ एकेरी करणे, सामानाचा ट्रक पुढे न पाठवता दिवे लावून सर्वांत मागे ठेवणे आणि अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे शेवटच्या दोन ओळींना घालणे. दिंडीची पुढची बाजू नटलेली असते, मागची बाजू म्हणजे उरलेले, थकलेले, लंगडणारे. घाटात धोका मागून येतो, म्हणून सर्वांत धडधाकट आणि सावध माणूस मागे हवा. अनेक दिंड्या आता तसा माणूस नेमतात. त्याला ना वीणा, ना पताका. हातात शिट्टी आणि लाल फडके.

घाटाच्या पायथ्याशी दिंडी थांबते. पुढचे आले म्हणून निघत नाहीत, विणेकरी उभा राहतो आणि शेवटचा माणूस येईपर्यंत उभाच असतो. करंजीसारख्या गावात हापशावर पाय धुतले जातात, कुणी चहा आणून देतो, कुणाच्या पिशवीतून खोबरेलाची बाटली निघते. गुडघ्याच्या वाटीभोवती अंगठ्याने तेल जिरवले जाते. गरम पाणी, मीठ. मोजणी होते, टाळांची आणि माणसांची. तासाभराने अभंग सुरू होतो आणि तिसगावकडे रस्ता सपाट लागतो. मांड्यांचा ठणका अजून यायचा असतो. तो दुसऱ्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी येतो. कुठल्याशा मुक्कामी, शाळेच्या ओट्याच्या तीन पायऱ्या उतरताना माणूस कठड्याला धरून थांबतो आणि मग आडवा होऊन एकेक पायरी उतरतो.